पावसाळ्यानंतर गोल्फ ग्राउंडचा पंप पाणी उचलत नाही? पंप उघडण्याआधी हे बघा

आधी लक्षणं सांगतो. यातलं एक जरी तुमच्या ग्राउंडवर दिसत असेल तर पुढचं तुमच्यासाठीच आहे.

मोटर सुरू होते, आवाजही नेहमीचाच, पण प्रेशर गेजचा काटा शून्यावरून हलत नाही. किंवा काटा वर जातो, थरथरतो आणि परत खाली बसतो. किंवा पहिली काही मिनिटं पाणी झकास येतं, मग स्प्रिंकलर फसफस करत हवा सोडतात आणि मान टाकतात. किंवा पंपाजवळचे स्प्रिंकलर फिरतात, पण लांबच्या ग्रीनवरचे (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचे) जमिनीतून डोकंच वर काढत नाहीत. आणि शेवटचं, सगळ्यात वाईट: मोटर नुसती घुं घुं करते, फिरत नाही आणि स्टार्टर ट्रिप होतो. हे शेवटचं लक्षण असेल तर पुन्हा पुन्हा बटण दाबू नका, मेन स्विच पाडा आणि खाली विजेचा भाग आहे तिथून वाचा.

पंपाच्या खोलीपर्यंत कोणी गेलं नसेल तरी गवत सांगतं. पाणी कमी पडलं की हरळी निळसर करडी दिसायला लागते आणि ग्रीनवरून चालत गेलं की बुटांचे ठसे तसेच राहतात. पाणी मिळालेलं गवत पाय उचलल्यावर लगेच उभं राहतं. ठसे राहायला लागले की त्याच दिवशी पाणी द्यावं लागतं. ग्रीनखाली वाळू असते, ती पाणी धरून ठेवत नाही.

थंड देशांत हिवाळ्याआधी कॉम्प्रेसर लावून पाइपांतलं सगळं पाणी बाहेर काढतात. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगतं आणि पाइप, व्हॉल्व्ह फोडतं. आपल्याकडे सगळं उलट आहे. हवामान खात्याच्या सध्याच्या वेळापत्रकाप्रमाणे मुंबईत पाऊस सरासरी ११ जूनला येतो आणि ८ ऑक्टोबरला परततो. मधल्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि सिंचनाच्या पंपाकडे कोणी बघतही नाही. मग एकदम ऑक्टोबर हीट सुरू होते, पारा पस्तिशीच्या घरात जातो, खेळणाऱ्यांची गर्दी वाढते, स्पर्धांच्या तारखा लागतात, आणि चार महिने बंद असलेल्या पंपाचं बटण दाबलं जातं. इथे आपल्या हिवाळ्याच्या तयारीची खरी परीक्षा असते. कुलाबा, ताडदेव, चेंबूर, खाडीपलीकडचं खारघर, कुठेही जा, हवा दमट आणि खारीच. लोखंडाला गंज चढायला चार महिने भरपूर झाले.

'पंप गेला' म्हणून बोलावणं येतं तेव्हा बहुतेक ठिकाणी पंप ठणठणीत असतो. दोष असतो पंपाच्या अलीकडे, म्हणजे तळ्यापासून पंपापर्यंतच्या सक्शनच्या बाजूला. पण मेकॅनिक आला की आधी पंपाचे बोल्ट खोलतो. पंप उघडला की नवं गॅस्केट, नवी ग्लँडची दोरी (शाफ्टभोवतीची गळती रोखणारी), कपलिंगची (मोटर आणि पंप जोडणाऱ्या तुकड्याची) पुन्हा अलाइनमेंट, हे सगळं ओघानं आलंच. एवढं करून मूळ दोष तळ्याच्या तळाशी तसाच पडून राहतो. म्हणून खाली दिलेला क्रम मोडू नका. फुकटातलं आधी, महागातलं शेवटी.

हात लावण्याआधी

मेन स्विच पाडा, शक्य असेल तर फ्यूज काढून खिशात ठेवा आणि पॅनेलवर 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवा. ग्राउंडवर माणसं लांब लांब पसरलेली असतात. कोणीतरी 'पाणी अजून का नाही आलं' म्हणून येऊन बटण दाबतो आणि तुमचा हात कपलिंगवर असतो. खोलीत पाणी साचलं असेल तर ते काढून लादी कोरडी झाल्याशिवाय आत पाऊल टाकू नका.

पावसाळ्यानंतर पंपाची खोली आणि जमिनीतल्या व्हॉल्व्हच्या पेट्या ही सापाविंचवांची आवडती जागा असते. पेटीचं झाकण हाताने उचलू नका, लांब सळईने किंवा फावड्याच्या टोकाने उचला आणि क्षणभर थांबा. या पेट्यांत पाणी साचून डास होतात, ते आधी उपसून टाका. पालिकेची माणसं तपासायला येतात हे खरंच आहे, पण त्याआधी डेंग्यू तुमच्याच माळ्याला होतो.

पहिली फेरी: डोळे आणि हात, खर्च शून्य

तळ्यापासून सुरुवात करा. पाण्याची पातळी बघा आणि सक्शन पाइप जिथे पाण्यात उतरतो तिथे काय साचलंय ते बघा. पावसात वाहून आलेली पानं, प्लास्टिक, जलपर्णी, सगळं त्या कोपऱ्यात येऊन थांबतं. मग पाइपच्या कडेने पंपापर्यंत चालत या. मध्ये कुठे आधाराचा दगड सरकून पाइप वाकलाय का? सांध्याला चीर दिसते का?

पंपाशी आल्यावर सगळे व्हॉल्व्ह बघा. जूनमध्ये कोणीतरी सक्शनचा व्हॉल्व्ह बंद केलेला असतो आणि तो माणूस आता दुसऱ्या कामावर असतो. ही गोष्ट इतक्या ठिकाणी सापडते की मी पहिल्यांदा चाकच फिरवून बघतो.

आता मेन बंद असल्याची पुन्हा खात्री करून कपलिंग हाताने फिरवा. ते सारख्या जोराने, कुठेही न अडकता फिरलं पाहिजे. फिरत नसेल तर बहुधा ग्लँडची दोरी सुकून शाफ्टला चिकटलेली असते किंवा इम्पेलर (पाणी फेकणारं आतलं चाक) गंजाने केसिंगला (पंपाच्या बाहेरच्या कवचाला) धरलेला असतो. मोटर लावली की सुटेल, असं म्हणून बटण दाबण्याचा मोह इथे होतो. तो आवरा. अडकलेली मोटर चालू करताना नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि वाइंडिंग जळतं. ग्लँडचे दोन्ही नट थोडे सैल करा, गंज सोडवणारं तेल सोडा, रात्रभर राहू द्या, सकाळी परत हाताने प्रयत्न करा. तरी हलत नसेल तर थांबा. पाइप पाना लावून जोर करू नका, शाफ्ट वाकतो. हे काम पंपाच्या मेकॅनिकचं.

बादलीची परीक्षा

आडवा सेंट्रिफ्यूगल पंप हवा ओढू शकत नाही, पाणीच ढकलू शकतो. सक्शन पाइप आणि पंपाचं पोट पाण्याने पूर्ण भरलेलं असेल तरच तो तळ्यातून पाणी वर घेतो. यालाच आपण प्रायमिंग म्हणतो, आणि ते नीट झालं नाही की 'पंपाने एअर धरली' म्हणतो. चार महिन्यांत ते पाणी हळूहळू गळून गेलेलं असतं. म्हणून ऑक्टोबरमध्ये पहिल्याच दिवशी पंप कोरडा फिरणं यात नवल काही नाही.

डिलिव्हरीचा (पंपापुढे ग्राउंडकडे जाणाऱ्या पाइपवरचा) व्हॉल्व्ह बंद करा. पंपावरचा हवा काढायचा कॉक उघडा. नरसाळ्यातून सावकाश पाणी ओता. बुडबुडे येत राहतात, मध्येच बंद होतात, परत येतात. घाई करू नका, कॉकमधून बुडबुड्याशिवाय एकसंध धार येईपर्यंत ओतत राहा. मग ओतणं थांबवा आणि पंधरा मिनिटं नुसते बघत बसा.

पातळी काठोकाठ तशीच राहिली तर फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या पाण्यातल्या टोकाची एकेरी झडप) बरा आहे. कॉक बंद करून पंप चालू करा, प्रेशर चढलं की डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. निम्म्या वेळा दुखणं इथेच संपतं.

पाणी खाली खाली जात राहिलं तर फूटव्हॉल्व्ह गळतोय किंवा सक्शन पाइपला कुठेतरी भोक आहे. ओतलेल्या पाण्याची जमिनीवर कुठे ओल दिसते का बघा. ओल कुठेच नसेल तर ते पाणी तळ्यात परत जातंय, म्हणजे फूटव्हॉल्व्ह.

यात माळ्यांचं बोलणं नीट ऐका. "दादा, काल संध्याकाळी भरून चालवला होता, मस्त चालला. सकाळी परत रिकामा." एवढं एक वाक्य मिळालं तरी निदान झालं. चालू असताना मस्त चालतो म्हणजे पंप चांगला, सक्शनमध्ये हवा शिरत नाही, फक्त बंद झाल्यावर पाणी टिकत नाही. फूटव्हॉल्व्ह बदलायचा, बाकी कशाला हात लावायचा नाही.

फूटव्हॉल्व्ह बाहेर काढताना

पाइपच्या टोकाची जाळी आणि तिच्या आतली एकेरी झडप म्हणजे फूटव्हॉल्व्ह. पाणी वर जाऊ द्यायचं, परत खाली येऊ द्यायचं नाही, एवढंच तिचं काम. बाहेर काढून उलटा करा आणि झडप बोटाने दाबून बघा. झडपेच्या रबराखाली काय सापडतं ते एकदा बघितलं की विसरत नाही: गुलमोहराच्या संयुक्त पानाची काडी, बोटाच्या पेराएवढी गोगलगाय, दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. इतकीशी वस्तू झडपेला केसभर उघडी ठेवते आणि रात्रभरात अख्खा पाइप रिकामा होतो. काडी काढा, बसायची कडा कापडाने पुसा, रबर कडक झालं असेल किंवा त्यावर खाच पडली असेल तर बदला. झडपेवर पाणी ओतून धरा, थेंबही गळता कामा नये.

जाळीला शेवाळ चढलं असेल तर तारेच्या ब्रशने साफ करा. जाळी फाटली म्हणून नुसती काढून टाकायची, हा उपाय मात्र करू नका. मग तोच कचरा इम्पेलरमध्ये जातो आणि काम दहापट वाढतं.

परत बसवताना खोली बघा. पावसाने तळ्यात गाळ आणून टाकलेला असतो, त्यामुळे मे महिन्यात तळापासून दोन फूट वर असलेला फूटव्हॉल्व्ह आता गाळात रुतलेला असू शकतो. तळापासून निदान फूट-दीड फूट वर टांगा. आणि वरही पुरेसं पाणी हवं, नाहीतर भोवरा होऊन हवा आत ओढली जाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तळं खाली गेलं की हाच त्रास दुसऱ्या रूपात येतो, तेव्हा पाइप पुन्हा खाली सोडावा लागतो. कितीही केलं तरी पंपापासून पाणी सहा-सात मीटरपेक्षा खाली गेलं की साधा पंप ते उचलणार नाही. हवेचा दाब पाण्याला हिशेबाने १०.३ मीटरपर्यंतच चढवू शकतो आणि पाइप, जाळी, झडप यांत त्यातलं बरंच खर्ची पडतं.

एक गोष्ट निक्षून. तुमचं पाणी उघड्या तळ्याऐवजी जमिनीखालच्या टाकीत येत असेल, विशेषतः प्रक्रिया केलेलं सांडपाणी असेल, तर फूटव्हॉल्व्ह काढायला टाकीत कोणालाही उतरवू नका. पावसाळाभर बंद असलेल्या टाकीत विषारी वायू साचतो आणि उतरलेला माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. त्याला काढायला गेलेला दुसराही तिथेच राहतो. पाइप वरूनच ओढून काढायची सोय नसेल तर काम थांबवा आणि गॅस मोजायचं यंत्र, हवा खेळवायचा ब्लोअर आणि दोर-पट्टे घेऊन येणाऱ्या प्रशिक्षित माणसांना बोलवा. ग्रीन पिवळी पडली तर परत हिरवी होते.

हवा कुठून शिरते

आता दुसरं प्रकरण. पाणी टिकतं, पंप चालू झाल्यावर पाणीही येतं, पण काटा थरथरत राहतो आणि थोड्या वेळाने पंप एअर धरतो. इथे सक्शनमध्ये हवा शिरतेय. शहाळ्याच्या नळीला वर बारीक भोक पडलं की कितीही ओढलं तरी पाणी नीट येत नाही, तसंच हे. सक्शन पाइपमध्ये दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे तिथल्या चिरेतून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. म्हणून पाइप कोरडा ठणठणीत दिसतो आणि माणसं फसतात.

शोधायचं कसं? पंप चालू ठेवून प्रत्येक सांध्यावर साबणाचा दाट फेस लावा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे गळती. वारा नसेल तर पेटती उदबत्ती सांध्याजवळ धरली तरी चालते, धूर आत वळतो. शेजारी डिझेलचा पंप किंवा पेट्रोलची कॅन असेल तर उदबत्ती नको. हे करताना फिरत्या कपलिंगपासून लांब राहा, सैल बाही किंवा गळ्यात टॉवेल नको.

सगळ्यात जास्त सापडणाऱ्या जागा दोनच. एक, फ्लँजमधलं (पाइपचे दोन तुकडे बोल्टने जोडणाऱ्या चकत्यांमधलं) सुकलेलं रबर. बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, तरी ओढत असेल तर रबर बदला. दुसरी, ग्लँड. दोरीवाल्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी पडायलाच हवं, मिनिटाला साधारण ४० ते ६० थेंब. पाणी वाया जातंय म्हणून ती कचकचून आवळून टाकणारे भेटतात. त्या थेंबांनीच शाफ्ट थंड राहतो. थेंब अजिबात पडत नसतील आणि ग्लँड हाताला गरम लागत असेल तर दोरी जळालीय, तिथून हवाही शिरते. नवी दोरी घालणं हे हात बसलेल्या फिटरचं अर्ध्या तासाचं काम आहे. दोरीऐवजी मेकॅनिकल सील असलेल्या पंपातून मात्र थेंब पडता कामा नयेत. पडत असतील तर सील गेलंय, ते घरच्या घरी बदलायचं नाही.

सांध्यावर सायकलची ट्यूब गुंडाळणं हा एक-दोन दिवसांचा उपाय म्हणून मला मान्य आहे. डिसेंबरपर्यंत त्यावर विसंबून राहणं मान्य नाही.

सबमर्सिबल आणि टर्बाइन पंपवाल्यांना हे सगळं लागू नाही, ते पाण्यातच बुडालेले असतात. त्यांनी इथून पुढचं बघावं.

वीज: बघायचं तुम्ही, हात लावायचा वायरमनने

मोटर घुं घुं करते आणि फिरत नाही, कपलिंग मात्र हाताने मोकळं फिरतं: तीनपैकी एक फेज आलेला नाही. पॅनेलवरचे लाल, पिवळा, निळा दिवे बघा. तिन्ही पेटले म्हणजे सगळं ठीक असं नाही, कारण दिव्यापर्यंत फेज येऊनही स्टार्टरमधल्या कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) एखादा पॉइंट गंजून पुढे जात नसतो. पावसाळ्यात कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्या घर करतात आणि पाली चिरडून मरतात. स्टार्टर पुन्हा पुन्हा दाबून धरणं, ओव्हरलोडची सेटिंग वाढवणं, सिंगल फेज प्रिव्हेंटर (एक फेज गेला की मोटर बंद करणारं उपकरण) काढून सरळ जोडणं, यातलं काहीही कोणी सुचवलं तर ऐकू नका. ती उपकरणं मोटर वाचवत असतात.

मोटर फिरते पण प्रेशर बरंच कमी, आवाजही जरा वेगळा: उलटी फिरतेय का बघा. पावसाळ्यात केबल बदलली, ट्रान्सफॉर्मरवर काम झालं की दोन फेजची अदलाबदल होते आणि मोटर उलट्या दिशेने फिरते. सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी पाणी फेकतो, फक्त कमी जोराने. त्यामुळे पंप 'म्हातारा झाला' असं वाटतं आणि नवा इम्पेलर मागवला जातो. केसिंगवर दिशेचा बाण असतो. बटण क्षणभर दाबून लगेच सोडा आणि मोटरचा मागचा पंखा थांबता थांबता कोणत्या बाजूने फिरतोय ते बघा. उलटा असेल तर कोणत्याही दोन फेजची अदलाबदल, वायरमनचं पाच मिनिटांचं काम. उलटा तसाच चालवू नका, काही पंपांत इम्पेलर आट्यांवर बसवलेला असतो, तो सुटतो.

चार महिने ओलसर खोलीत राहिलेल्या मोटरचं वाइंडिंग ओल धरतं. पहिल्यांदा चालू करण्याआधी वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) लावून घ्या. इन्सुलेशन एक मेगओमच्या खाली आलं तर मोटर चालवायची नाही, सुकवायची. पॅनेलच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तेवढ्यावरच सगळं थांबवा. अर्थिंग तपासल्याशिवाय त्या खोलीत कोणी जायचं नाही.

पाणी धरलं, पण जोर नाही: व्हॉल्व्ह बंद करून बघा

ही परीक्षा फुकट आहे, एका मिनिटाची आहे, आणि तरी फार थोडे लोक करतात. दोष पंपाच्या बाजूला आहे की ग्राउंडच्या बाजूला, एवढं ती नक्की सांगते. पंप चालू असताना डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह सावकाश पूर्ण बंद करा आणि गेज बघा. दहा मीटर हेड (पंप पाणी जितकं उंच चढवू शकतो ती उंची) म्हणजे साधारण एक किलो प्रेशर, पीएसआयमध्ये चौदाच्या आसपास. पंपाच्या पाटीवर हेड ६० मीटर लिहिलं असेल तर काटा निदान सहा किलोच्या आसपास किंवा त्याच्या वर गेला पाहिजे. एक मिनिटापेक्षा जास्त ठेवू नका, आतलं पाणी तापतं. गेजचा भरवसा नसेल तर आधी नवा गेज लावा, पंप बंद असताना शून्यावर न येणारा काटा काय सांगणार?

काटा वर गेला तर पंपाला दोष देऊ नका. तो पूर्ण ताकदीने काम करतोय आणि पाणी पुढे कुठेतरी वाया जातंय किंवा अडतंय. काटा वर गेला नाही आणि सक्शन, दिशा, फेज हे सगळं आधी तपासून झालंय, तेव्हाच इम्पेलर किंवा वेअर रिंग (इम्पेलरभोवतीची कडी) झिजली असं म्हणायचं. गाळाचं पाणी ओढणाऱ्या पंपात ती झिजतेच. पण या निष्कर्षापर्यंत शेवटी यायचं.

सोबत अँपिअर बघा. पाटीवरच्यापेक्षा खूपच कमी अँपिअर म्हणजे पंप पाणी ओढत नाही. व्हॉल्व्ह उघडल्यावर नेहमीपेक्षा जास्त अँपिअर आणि प्रेशर कमी, म्हणजे पाणी भरमसाट वाहतंय: मुख्य लाइन कुठेतरी फुटलीय.

फिल्टर, लाइन, स्प्रिंकलर

फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा गेज बघा. फरक अर्ध्या किलोपेक्षा जास्त असेल तर बॅकवॉश करा (पाणी उलट्या बाजूने सोडून धुवा), डिस्क फिल्टर असेल तर चकत्या सुट्या करून धुवा. हिरवा बुळबुळीत थर नुसत्या पाण्याने जात नाही, ब्रश लागतो.

फुटलेली लाइन पावसाळ्यात कधीच दिसत नाही, कारण सगळं मैदानच ओलं असतं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बाकी मैदान सुकतं आणि एकच पट्टा ओला, जास्त हिरवा राहतो. सकाळी दव असतं म्हणून दुपारी फिरा. पावसाळ्यात जिथे गटार खणलं, केबल टाकली, मांडवाचे खांब रोवले, तिथे आधी जा. सापडत नसेल तर सेक्शनचे सगळे व्हॉल्व्ह बंद करून एकेक उघडत जा. ज्याच्या उघडण्याने काटा धाडकन पडतो, गळती त्या भागात.

आणि हे व्हॉल्व्ह उघडताना सावकाश. चार महिने रिकाम्या पाइपांत हवा भरलेली असते. एकदम पाणी सोडलं की हवा पुढे दाबली जाते, पाण्याचा दणका बसतो आणि जिथे काहीही बिघडलं नव्हतं तिथला सांधा फुटतो. सगळ्यात उंचावरच्या आणि सगळ्यात लांबच्या टोकाचा क्विक कपलर (पाइप झटकन जोडायचं तोंड) उघडा ठेवा, मुख्य व्हॉल्व्ह थोडासाच उघडा, हवा फुसफुसत निघून जाऊ द्या, स्वच्छ धार आली की मग बंद करा.

शेवटी एखादाच स्प्रिंकलर रुसलेला असेल तर त्याची जाळी आणि नोझल काढून धुवा. गुलमोहराची बारीक पानं नोझलच्या तोंडात अगदी चपखल बसतात. नोझलमध्ये तार किंवा खिळा घालू नका, भोक मोठं झालं की फेक बदलते. विजेवर चालणाऱ्या स्प्रिंकलरचा व्हॉल्व्ह हाताने उघडून बघा. हाताने उघडल्यावर चालतो आणि कंट्रोलरवरून नाही, म्हणजे दोष सोलेनॉइडचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलचा) किंवा वायरच्या सांध्याचा. २४ व्होल्टच्या सोलेनॉइडचा रेझिस्टन्स साधारण २० ते ६० ओहममध्ये असतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल तुटलीय, जवळपास शून्य दाखवत असेल तर शॉर्ट. पेटीत पाणी साचून हिरवे पडलेले सांधे कापून नवे करा, वॉटरप्रूफ कनेक्टर घाला.

पुढच्या पावसाळ्यासाठी

दर पंधरवड्याला पाच-दहा मिनिटं पंप चालवा, पाऊस असो वा नसो. पाणी परत तळ्यातच सोडायची एक छोटी लाइन असली की मैदान भिजत नाही. ज्या दिवशी चालवणार नाही त्या दिवशी निदान मेन बंद करून कपलिंग हाताने फिरवा. पॅनेलमध्ये साठ वॉटचा साधा दिवा सतत जळता ठेवला तर ओल धरत नाही. आणि एप्रिलमध्ये सगळं उत्तम चालू असताना प्रेशर, अँपिअर आणि तळ्याची पातळी पॅनेलच्या दारावर आतून मार्करने लिहून ठेवा. ऑक्टोबरमध्ये तुलना कशाशी करायची हा प्रश्नच राहत नाही.

दसऱ्याला आपल्याकडे यंत्रांची पूजा होते. त्याच्या आदल्या आठवड्यात हे सगळं तपासून घेतलं तर पूजेनंतरचं बटण निर्धास्त दाबता येतं. हार पंपाच्या पोटावर घाला, कपलिंगवर किंवा मोटरच्या पंख्याच्या जाळीवर नको.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

कपलिंग रात्रभर तेल सोडूनही फिरत नाही. चालू असताना बेअरिंगचा खडखडाट येतो किंवा मोटरवर हात ठेववत नाही. व्हॉल्व्ह बंद करूनही प्रेशर चढत नाही आणि बाकी सगळं तपासून झालंय. यासाठी पंपाचा मेकॅनिक. झिणझिण्या, जळका वास, मेन स्विच सारखा पडणं, मेगर कमी येणं, यासाठी परवानाधारक वायरमन, आणि तो येईपर्यंत मेन बंद. मुख्य लाइन झाडाच्या मुळांत किंवा रस्त्याखाली फुटली असेल तर खणण्याआधी ग्राउंडचा नकाशा आणि विजेच्या केबल कुठून जातात हे माहीत असलेला माणूस सोबत हवा.

फोन करताना 'पंप बंद आहे' एवढंच सांगू नका. कपलिंग हाताने फिरतं का, बादलीच्या परीक्षेत पाणी टिकलं का, व्हॉल्व्ह बंद केल्यावर काटा किती चढला, अँपिअर किती, आणि पंपाच्या पाटीचा फोटो. एवढं हाताशी असलं की येणारा माणूस बरोबर सामान घेऊनच येतो आणि त्याच फेरीत संध्याकाळपर्यंत ग्रीनवर पाणी पडतं.